चांगल्या संकेतस्थळाची पारख

एखाद्या शाळेच्या वा ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने आपले संकेतस्थळ नव्याने करून घ्यावयाचे ठरविले, म्हणजे त्या सभेच्या इतिवृत्तात जो पहिला ठराव नोंदला जातो तो बहुधा असा असतो की, इतर संस्थांची चार-दोन चांगली संकेतस्थळे पाहून त्यांचा अहवाल पुढील सभेपुढे ठेवावा. आणि हे काम, संगणक येतो एवढ्याच अपराधासाठी, मंडळीतील सर्वांत तरुण शिक्षकाच्या किंवा ग्रंथपालाच्या गळ्यात पडते. तो बिचारा रात्री घरी बसून शोधयंत्रास उत्कृष्ट शालेय संकेतस्थळांविषयी पृच्छा करतो आणि पाहता पाहता त्याच्यापुढे याद्यांचा ढीग येऊन पडतो. या याद्या थोड्या बारकाईने वाचल्या असता ध्यानात येते की, त्यांतील बऱ्याचशा संकेतस्थळे बांधून देणाऱ्या कंपन्यांनीच सिद्ध केलेल्या असून त्यांत अग्रपूजेचा मान त्यांच्याच गिऱ्हाइकांना मिळालेला आहे. परीक्षक आणि उमेदवार एकाच घरातले असल्यावर निकालाविषयी वेगळे काय सांगावे?

याद्यांचा हा मार्ग पूर्वी इतका निरुपयोगी नव्हता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आंतरजाल नुकते बाळसे धरीत असताना, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून 'वेब ६६' नावाची एक नोंदवही चालविली जात असे, आणि जगात ज्या ज्या शाळेने आपले पान आंतरजालावर मांडले असेल तिचे नाव तीत दाखल होई. त्याच राज्यातील हिलसाइड या प्राथमिक शाळेतील मुलांनी आपल्या शाळेची पाने करण्यास आरंभ केला तो १९९४ च्या सुमारास, आणि त्या काळी अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असल्यामुळे नुसती नोंद होणे हीच शिफारस ठरत असे. ग्रंथालयांसाठी 'लिबवेब' नामक अशीच एक सूची होती. पुढे संकेतस्थळ नसलेली संस्था सापडणेच दुर्मिळ झाले, आणि जे सर्वांपाशी आहे त्याची यादी करण्यात हशील उरले नाही. शिवाय यादी फार तर अस्तित्वाची ग्वाही देते. गुणांची खातरजमा ज्याची त्यालाच करावी लागते.

ती करावी कशी, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर असे की, संकेतस्थळ पाहावयास जाऊ नये, काही काम घेऊन जावे. घर घ्यावयाचे तर ते भर पावसाळ्यात पाहावे असे जाणती माणसे सांगतात, कारण चैत्रातल्या उन्हात सर्वच छपरे शाबूत दिसतात. तद्वत संकेतस्थळाच्या दर्शनी पानावरील हलती चित्रे पाहून त्याची परीक्षा होत नाही. ज्याला उद्या मुलाचे नाव घालावयाचे आहे, ज्याला एखादे पुस्तक आज हवे आहे, ज्याचा शाळा सोडल्याचा दाखला तीस वर्षांपूर्वी हरवला आहे, अशा गरजवंताच्या भूमिकेतून तेथे शिरावे आणि आपले काम होते काय, किती वेळात होते, कोणास दूरध्वनी न करता होते काय, हे पाहावे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. संगणकाची चाहूलही नसताना लिहिलेले ते सूत्र आजच्या संकेतस्थळांस तंतोतंत लागू पडते.

शाळेपासून आरंभ करू. पालकाला विचारावयाचे असते ते थोडके आणि नेमके असते: प्रवेशअर्ज केव्हा मिळणार, कोणत्या वयाच्या मुलास कोणता वर्ग, शुल्क किती व ते कोणत्या महिन्यांत भरावयाचे, शाळा किती वाजता भरते व सुटते, गणवेश कोणता, बसची व्यवस्था आहे काय, आणि तक्रार असल्यास कोणाकडे करावी. आता आपल्याकडील एखादे सर्वसाधारण शालेय संकेतस्थळ उघडावे. वरती 'सहर्ष स्वागत' असे शब्द डावीकडून उजवीकडे धावत असतात; त्याखाली संस्थापकांचे हार घातलेले छायाचित्र, मग अध्यक्षांचे मनोगत, मग उपाध्यक्षांचे, मग मुख्याध्यापकांचे; त्यापुढे स्नेहसंमेलनाची चित्रशाला; आणि तळाशी किती पाहुण्यांनी भेट दिली त्याचा आकडा. सूचनाफलक म्हणून जे पान असते त्यावरील शेवटची सूचना कित्येकदा तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीची असते. या सर्व मजकुरात पालकाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर नसावे, हा योगायोग नव्हे. ते पान पालकासाठी लिहिलेलेच नसते; ते अध्यक्ष महाशयांना दाखविण्यासाठी लिहिलेले असते, आणि त्या दृष्टीने पाहता ते पूर्णतः यशस्वी असते.

म्हणून नमुने शोधणाराने प्रथम तेथे जावे, जेथे कायद्याने वा नियमाने शाळेला बोलते केले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या सीबीएसईने, आपल्या संलग्न शाळांवर 'अनिवार्य जाहीर प्रकटन' नावाचे एक पान ठेवण्याची सक्ती केली असून त्याचा तक्ताही ठरवून दिला आहे. संलग्नतेचे पत्र, इमारतीच्या सुरक्षिततेचा व अग्निशमन व्यवस्थेचा दाखला, शुल्काचा तपशील, वार्षिक वेळापत्रक, शाळा व्यवस्थापन समितीच्या व पालक-शिक्षक संघाच्या सभासदांची नावे, मागील तीन वर्षांचे निकाल, शिक्षकांची संख्या, आवाराचे क्षेत्रफळ चौरस मीटरांत, वर्गखोल्या किती व केवढ्या, आणि मुलींसाठी व मुलांसाठी स्वच्छतागृहे किती, हे सारे त्यात मांडावे लागते. हे पान शोभेच्या दृष्टीने अगदी रुक्ष. परंतु स्वच्छतागृहांचा आकडा ज्या संकेतस्थळावर सहज सापडतो, त्याच्या चालकांविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न होतो तो कोणत्याही मनोगताने होत नाही. दोन शाळांची तुलना करावयाची असल्यास हे एकच पान शेजारी शेजारी उघडून ठेवावे. एक शाळा हे तपशील स्वच्छ अक्षरांत, शोधता येतील असे छापते. दुसरी त्याच दाखल्यांच्या वाकड्या, पुसट छायाप्रती चिकटवून नियमाचे पालन केल्याचे समाधान मानते. नियम दोघींनी पाळला, तरी वाचकाची गरज एकीनेच ओळखली, आणि संग्रही ठेवण्याजोगा नमुना तिचा.

इंग्लंडात ही पद्धत अधिक मुरलेली दिसते. तेथील शालेय माहितीविषयक नियम २००८ चे असून २०१२ पासून सरकारी शाळांना पूर्वीच्या छापील माहितीपत्रकाऐवजी संकेतस्थळावरच ठराविक माहिती प्रसिद्ध करावी लागते. प्रवेशाचे निकष, वर्तनविषयक धोरण, तक्रार करण्याची रीत, विशेष गरजा असलेल्या मुलांची व्यवस्था आणि शासकीय तपासणीच्या शेवटच्या अहवालाचा दुवा हे तर त्यात येतेच. परंतु मला सर्वांत लक्षणीय वाटते ती बाब पैशाची. गरीब घरच्या मुलांमागे सरकार २०११ पासून शाळेस जे जादा अनुदान देते, ते किती मिळाले, कशावर खर्च करावयाचे योजिले आणि त्याचा मुलांना काय उपयोग झाला, याचे निवेदन शाळेला दरवर्षी जाहीर करावे लागते. तेथील एखाद्या लहानशा गावशाळेचे पान उघडावे, तर वाचन कच्चे असलेल्या मुलांसाठी अमुक तासांचा जादा शिक्षक नेमला, त्यास एवढा खर्च आला, अशा स्वरूपाची कैफियत साध्या भाषेत वाचावयास मिळते. आणि या नियमांत आणखी एक छोटीशी तरतूद आहे, तिचे मला फार अप्रूप वाटते: संकेतस्थळावरील माहितीची छापील प्रत एखाद्या पालकाने मागितल्यास शाळेने ती विनामूल्य दिली पाहिजे.

शाळेच्या संकेतस्थळाविषयी आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो. मुलांची छायाचित्रे, त्यांची पूर्ण नावे, इयत्ता व तुकडी यांसह मांडण्याची जी हौस आपल्याकडे आहे, ती आता आवरावयास हवी. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. गुणवंतांचे कौतुक व्हावेच. परंतु कोणते मूल कोणत्या वर्गात बसते हे साऱ्या जगाला कळविण्याचे प्रयोजन काय? चांगली शाळा मुलांची चित्रकला, त्यांचे निबंध, त्यांचे विज्ञानप्रकल्प दाखविते आणि मुलांना थोडे आडोशाला ठेवते.

ग्रंथालयाकडे वळताच विषय अधिक रसाळ होतो, कारण ग्रंथालयाच्या संकेतस्थळापाशी दाखविण्याजोगे असे काही खरोखरच असते. वेळ, वर्गणी, अनामत आणि सुट्टीचा वार एवढे सांगून झाल्यावर जे उरते ते ग्रंथालयाचे सर्वस्व, म्हणजे ग्रंथसूची. ज्या ग्रंथालयाची सूची घरबसल्या पाहता येत नाही, त्याचे संकेतस्थळ कितीही देखणे असो, ते बंद कपाटाच्या दाराचे छायाचित्र आहे. सूचीतील एखादी नोंद जवळून पाहण्यासारखी असते: ग्रंथाचे नाव, लेखक, आवृत्ती व प्रकाशनवर्ष, दाखल क्रमांक, मराठी साहित्याचा असल्यास दशांश वर्गीकरणातील ८९१.४६ हा वर्गांक, आणि त्याखाली वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ओळ, की प्रती किती, त्यांतील देवघेव विभागात किती, बाहेर गेलेली प्रत परत येण्याची तारीख कोणती. ही शेवटची ओळ असेल तर देवघेवीची खिडकी आणि संकेतस्थळ यांचा व्यवहार एकाच वहीत चालतो असे समजावे. नसेल तर संकेतस्थळ एकदा करून टाकून दिलेले आहे.

अशी जिवंत सूची ठेवण्यास फार मोठा पैसा लागतो, ही समजूत आता बाळगण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या प्रांतभागातील ग्रंथालयाची जुनी संगणकव्यवस्था २००० साल उजाडताच कोलमडणार असे दिसू लागले, तेव्हा त्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये 'कोहा' नावाची नवी आज्ञावली करवून घेतली आणि ती कोणासही मोफत वापरता येईल, बदलता येईल अशा शर्तीवर जगाला खुली करून दिली. आज आपल्या देशातील अनेक विद्यापीठे, महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये तीच वापरीत आहेत. नमुने शोधणाऱ्यास याचा एक आडवळणाचा फायदा असा की, एकच आज्ञावली वापरणाऱ्या दोन ग्रंथालयांच्या सूच्या ताडून पाहता येतात, आणि मग फरक दिसतो तो यंत्राचा नसून नोंदी करणाऱ्या माणसाच्या साक्षेपाचा असतो.

मराठी ग्रंथालयांची खरी कसोटी मात्र निराळीच आहे, आणि तिच्याकडे परदेशी नमुने पाहून भारावलेल्या मंडळींचे लक्ष जात नाही. आपल्या शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले. तत्पूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर 'नांव', 'गांव', 'कांहीं' अशी सानुस्वार रूपे सर्रास आढळतात. आजचा वाचक शोधचौकटीत 'गाव' असे लिहितो आणि सूची निर्विकारपणे सांगते की असा ग्रंथ नाही, जरी तो शेजारच्याच मांडणीवर धूळ खात पडलेला असतो. 'ग्रंथ' की 'ग्रन्थ', ऱ्हस्व की दीर्घ, लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी, या सर्व वाटांनी येणाऱ्याला जी सूची एकाच मुक्कामास पोहोचविते तीच मराठीपुरती उत्तम. अमेरिकेतील मोठ्या ग्रंथालयांतून मराठी ग्रंथांचे संग्रह चांगले आहेत, परंतु तेथील नोंदी रोमन लिप्यंतराच्या एका ठरीव पद्धतीने केलेल्या असतात. त्या पद्धतीत 'श' दाखविण्यासाठी एस या अक्षरावर चिन्ह देतात, पुढे एच जोडीत नाहीत, आणि उच्चारात लोप पावणारा अकारही लिहितात. परिणामी देशपांडे हे आडनाव आपल्या नेहमीच्या इंग्रजी वर्णांनी शोधणारा वाचक रिकाम्या हातांनी परतण्याचा संभव असतो. तेच एच गाळून आणि 'श'नंतरचा अकार घालून शोधावे, की ग्रंथांची रांग उभी राहते. अशा ठिकाणी जे ग्रंथालय देवनागरीतही नोंद देते, ते वाचकावर उपकार करते.

सूचीच्या पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष ग्रंथच वाचकाच्या पुढ्यात ठेवणे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, मुंबईच्या १८०४ पासून चालत आलेल्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' हा संग्रह, आणि राज्य मराठी विकास संस्थेने खुले केलेले दुर्मिळ ग्रंथ, यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तके व मुंबई इलाख्याचे सरकारी अहवाल चंद्रपूरच्या वा सावंतवाडीच्या अभ्यासकाला घरी बसून पाहता येतात. यांतील सर्वच पाने देखणी आहेत असे नाही, आणि त्यांनी तसे असण्याची गरजही नाही. जुन्या जमाबंदीचा अहवाल शोधीत आलेल्या माणसाला रंगसंगतीशी काही कर्तव्य नसते.

या बाबतीत मला सर्वांत अनुकरणीय वाटतो तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'ट्रोव्ह' हा उपक्रम, जो २००९ पासून त्या नावाने चालू आहे. तेथे जुन्या वृत्तपत्राचे मूळ पान एका बाजूस आणि यंत्राने वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूस मांडलेला असतो. जीर्ण कागदावरील अक्षरे वाचताना यंत्र चुकते, हे लपविण्याऐवजी त्या ग्रंथालयाने वाचकांनाच दुरुस्तीची मुभा दिली. कोणीही यावे, मूळ पान पाहावे, चुकलेली ओळ सुधारावी आणि जतन करावी. आपल्या पणजोबांच्या गावची बातमी शोधीत आलेली सामान्य माणसे तेथे ओळीच्या ओळी दुरुस्त करून जातात, आणि त्या दुरुस्तीमुळे पुढच्या शोधणाऱ्याला तीच बातमी चटकन सापडते. देवनागरी खिळ्यांनी छापलेली, तुटक्या मात्रांची जुनी मराठी वृत्तपत्रे यंत्राला वाचावयास कठीणच जाणार. तेव्हा ही रीत आपल्याकडे किती उपयोगी पडेल हे निराळे सांगावयास नको.

फिनलंडमधील हेलसिंकी व तिच्या लगतची तीन नगरे यांच्या ग्रंथालयांनी मिळून 'हेल्मेट' नावाचे एकच संकेतस्थळ आणि एकच सूची ठेवली असून एका नगरात घेतलेले पुस्तक दुसऱ्यात परत करता येते. मुंबई, ठाणे आणि कल्याण येथील ग्रंथालयांच्या चालकांनी हे उदाहरण एकदा शांतपणे पाहावे, एवढेच सुचवितो.

संकेतस्थळाची परीक्षा संकटातही होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि सूचीसह तिचा सारा आंतरजालीय व्यवहार ठप्प झाला. ज्या संस्थेच्या पूर्वसंग्रहातील मराठी व गुजराती छापील ग्रंथांची सूची ब्लूमहार्ट यांनी १८९२ मध्येच छापून काढली होती, तिच्याच वाचकांना आता आपला ग्रंथ तेथे आहे की नाही हे पाहता येईना. सूची जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा दिसू लागली, आणि मार्चमध्ये त्या ग्रंथालयाने काय घडले, जुन्या यंत्रणांमुळे हानी कशी वाढली, कोणते निर्णय चुकले, याचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. खंडणी तिने दिली नाही. आपले दोष असे छापून सर्वांपुढे ठेवणारी संस्था नमुन्यांच्या यादीत, तिचे संकेतस्थळ मोडलेले असतानाही, अवश्य असावी.

पारख करताना काही बारीकसारीक गोष्टी पाहावयाच्या असतात, त्या ओघात सांगतो. सूचना ही छायाचित्राच्या रूपात चिकटविलेली असेल तर ती शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध वाचकाचे पडदावाचक यंत्रही तिच्यापुढे मुके होते. मजकूर युनिकोडपूर्व काळातील टंकात असेल तर तो टंक नसलेल्या संगणकावर निव्वळ अक्षरांचा चिवडा उमटतो. संकेतस्थळ साध्या मोबाइलवर, गावातल्या मंद जोडणीवर उघडून पाहावे, कारण पालक आणि वाचक ते तसेच उघडणार आहेत. आणि संस्था आपल्या संकेतस्थळाची निगा राखते की नाही हे पाहावयाचे असल्यास १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये त्याची मागील वर्षांतील रूपे चाळावीत. दर दोन वर्षांनी नवा साज आणि मजकूर तोच, असे दिसले की पुढचे पाहण्याची गरज नसते.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात असून त्यांतील पुष्कळशी 'क' आणि 'ड' वर्गांत मोडतात. दोन खोल्या, एक ग्रंथपाल आणि तुटपुंजे अनुदान. त्यांनी लंडन वा हेलसिंकी पाहून दबून जाण्याचे कारण नाही. वेळ, वर्गणी, दूरध्वनी, गेल्या महिन्यात आलेली पुस्तके आणि शोधता येणारी सूची एवढे एका पानावर मावते. मात्र करार करताना संकेतस्थळाच्या नावाची नोंद संस्थेच्या नावे आहे, बांधून देणाऱ्या कंत्राटदाराच्या नावे नाही, आणि संकेतशब्द कार्यवाहांच्या दफ्तरी आहेत, याची खातरजमा करावी. कंत्राटदाराशी बिनसले म्हणून किंवा वार्षिक नूतनीकरणाची तारीख त्याने चुकविली म्हणून संस्थेचे नाव हातचे गेल्याच्या कथा या वर्तुळात पुष्कळ ऐकू येतात. आणि ज्या संस्थेचे पान मनास पटले, तिच्या ग्रंथपालास किंवा मुख्याध्यापकास सरळ पत्र लिहून विचारावे की, हे पान अद्ययावत ठेवण्याचे काम आपल्याकडे कोण करते, आठवड्यातील किती तास करते, आणि ती व्यक्ती रजेवर गेली असता कोण करते.